मी खटका ओढला होता

माझी जाऊ खाली, तिच्यावर गाडी आणि गाडीवर मी. सोनपेठच्या वाटेवर, आम्ही जिला गंगा म्हणतो त्या नदीच्या पुलाच्या अलीकडे जो चढ लागतो, तिथं आम्ही अशा पडलो होतो. मला उठता येईना. माझा डावा पाय लहानपणापासून वाळलेला आहे. उठायचं तर उजव्या पायाला जमीन लागते, आणि उजवा पाय हँडलात अडकला होता. मी जेवढी धडपड करायची तेवढं वजन तिच्यावर जायचं. तिचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. ती ओरडत नव्हती.

"हलू नको," एवढंच म्हणाली. "माय, हलू नको गं."

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. त्यावरच्या माणसांनी आधी मला उचललं, मग गाडी, मग तिला. तिला उचललं तेव्हा मात्र ती ओरडली. खुब्याचं हाड मोडलं होतं. माझ्या कोपराचं सालटं निघालं होतं, बाकी काही नाही. कोबीची रोपं रस्त्यावर पसरली होती आणि त्यातली बरीच ट्रॅक्टरवाल्यांच्या पायाखाली गेली.

गाडी तीनचाकी होती. तीन चाकांची गाडी उभ्या जागी पडत नाही असं सगळ्यांना वाटतं. ही पडते. का पडते ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

मी रोपं विकते. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर. घरामागं वाफे आहेत, वर हिरवी जाळी आहे. नवरा गेल्यावर हेच केलं. माझी जाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तीही विधवा. मुलं ज्याची त्याची बाहेरगावी. घरात आम्ही दोघीच. रोपं मी लावायची, पाणी तिनं घालायचं, बाजाराला दोघींनी जायचं. मी तिला बाई म्हणते. ती मला काहीच म्हणत नाही, नुसतं "अगं ए" म्हणते. पन्नास वर्षं झाली याला.

बाजाराला जायचं म्हणजे एसटीत ट्रे चढवायचे. कंडक्टर म्हणायचा, "आजी, ही गाडी माणसांची हाय." मी म्हणायचे, "झाडंबी जितीच हायत." तो चढू द्यायचा, पण दर वेळी बोलून घ्यायचा. आणि माझा पाय. एसटीच्या पायऱ्या उंच असतात. खालून कुणीतरी ढकलल्याशिवाय मी चढत नाही. बाईमाणसाला मागून ढकलून वर चढवतात तेव्हा कसं वाटतं ते सांगत बसत नाही.

माझा धाकटा भाऊ मानवतला आहे. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. हात चांगला आहे त्याचा. नांगर, ट्रॉल्या, पेरणीयंत्रं, काहीही करतो. आमची आई तो दीड वर्षाचा असताना गेली. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली ती त्याला सांभाळायला. लंगडत लंगडत त्याला कडेवर घेऊन गावभर हिंडले. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आता लिहिते आहे, कारण पुढचं कळायला ते लागतं.

तर त्यानंच मला आधी अपंगांची स्कूटर करून दिली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक, तसली. ती मी वर्षभर चालवली. पडत नाही हे खरं, पण कलतही नाही. आमचे रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते. समोरून ट्रक आला की कडेला व्हावं लागतं, आणि कडेला झालं की ती गाडी माणसाला शेतात टाकायला बघते. वळणावर तर जीव मुठीत. मी भावाला म्हटलं, "ही गाडी न्हाई, बाज हाय चाकं लावल्याली."

त्यानं मनावर घेतलं. मोबाईलवर कुठल्या तरी परमुलखातली गाडी पाहिली आणि सहा महिने दुकानाच्या मागच्या बाजूला खटपट करत बसला. बिनगिअरच्या जुन्या स्कूटरचं पुढचं अंग कापलं आणि तिथं एकाच्या जागी दोन लहान चाकं बसवली. मागं एकच चाक. पुढची दोन चाकं लोखंडी हातांवर अशी जोडली की एक वर गेलं की दुसरं खाली जावं, आणि गाडी कलली की दोन्ही तिच्याबरोबर कलावीत. जुवाखाली दोन बैल एकदम एका अंगाला माना टाकतात, तसं.

मी शिकले गावाच्या खळ्यावर. बघायला अर्धं गाव.

"आजी, हेलिकॉप्टर कवा उडायचं?"

"तू बस मागं, मग उडवते."

बसलं कुणी नाही.

सायकल मी जन्मात चालवली नव्हती. शाळेत जाणाऱ्या पोरी वळणावर अंग टाकून जायच्या आणि हसायच्या, ते मी ओट्यावरून बघायचे. त्यात हसण्यासारखं काय आहे ते सत्तरीला टेकल्यावर कळलं. वळण आलं की ही गाडी आपण होऊन झुकते, आपलं अंग तिच्याबरोबर जातं, आणि तरी खाली जाणार नाही हे माहीत असतं. पुढं दोन चाकं असली की खडी घाबरवत नाही. एक चाक घसरलं तर दुसरं धरून ठेवतं. खड्ड्यात एक चाक जातं, दुसरं वरच असतं, हँडल हातातून सुटत नाही. शेताच्या धुऱ्यावरून, कालव्याच्या कडेनं, जिथं ती जुनी बाज गेलीच नसती तिथं मी रोपं घेऊन जाऊ लागले. लोक वावरात बोलवायला लागले. कुणाला विचारायचं नाही, कुणी ढकलायचं नाही. दोन वर्षं मी माझ्या मनानं हिंडले.

वाईटही सांगते. गाडी जड आहे. मागं घ्यायची तर दोन माणसं लागतात. काळी माती ओली झाली की पुढच्या दोन चाकांच्या मध्ये गच्च बसते आणि काठीनं उकरत बसावं लागतं. सांधे बारा, बाराही ठिकाणी आठवड्याला तेल. पंक्चरवाला बघूनच तोंड फिरवतो. दुसरा कुठलाच मिस्त्री हात लावत नाही. म्हणतो, ज्यानं केली त्याच्याकडं न्या. म्हणजे गाडी घेतली की माणूस त्या एका माणसाच्या हातात गेला. हे मला तेव्हा वाईट वाटलं नाही. हात भावाचाच होता.

आणि सगळ्यात मोठं हे, की ती थांबल्यावर उभी राहत नाही. चालताना कलते ती थांबल्यावरही कलणारच. दोनचाकीवाला पाय टेकवतो. माझा टेकवायचा पाय वाळलेला. म्हणून भावानं खटका केला होता. डाव्या हाताशी एक दांडा. थांबायच्या वेळी तो ओढला की खाली दातांच्या पट्टीत एक जाड लोखंडी दात जाऊन बसायचा, खट असा आवाज यायचा आणि गाडी खांबासारखी उभी. निघताना दांडा खाली दाबायचा. तो दात त्यानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या लोखंडातून घडवला होता. भाऊ आपल्या हातानं केलेल्या वस्तूवर तीन ठिपके ठोकतो. त्या दातावरही होते. तेल घालताना माझ्या बोटाला लागायचे.

जाऊ आधी बसायला तयार नव्हती.

"मुरडायलीय ही गाडी," म्हणाली. "नाचणारीण हाय का काय. मी न्हाई बसणार."

"नका बसू. एसटीनं या."

पुढच्या बाजाराला बसली. ती लुगडं नेसते आणि दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून बसते. आमच्याकडच्या सगळ्याच बायका तशा बसतात. भावानं गाडी करून बघितली होती ती मागं गडीमाणसं बसवून, दोहोंकडे पाय टाकलेली. बाई बसली की गाडी डावीकडं ओढायची. चालताना मी अंगानं सावरून घ्यायचे, पण थांबल्यावर सगळा भार त्या एका दातावर. मी हे भावाला सांगितलं. त्यानं माझ्यासमोर खटका ओढला, गाडीच्या डाव्या अंगाला ज्वारीची दोन पोती टांगली आणि स्वतः वर लोंबकळला. गाडी हलली नाही.

"आक्का, एक डाव मी मोडन, पण ह्यो दात मोडायचा न्हाई."

म्हणून मी निर्धास्त होते. सोनपेठच्या बाजाराला जाताना गंगा ओलांडावी लागते. गाडीवर बसून, पायात चपला घालून गंगा ओलांडायची नाही, असा बाईचा नेम. पुलाच्या अलीकडे मी थांबायचे, खटका ओढायचे, ती डावीकडं उतरायची, चपला काढायची, हात जोडायची, मग पुन्हा बसायची. थांबायची जागा चढावर आणि कडेला उतरती. दोन वर्षं दर बाजारी हेच केलं.

त्या दिवशीही तेच केलं. खटका ओढला. ती उतरायला सरकली, एक पाय खाली ठेवला, दुसरा अजून गाडीच्या पायदानावर होता, आणि गाडी तिच्यावर गेली.

भाऊ त्या दिवशी पाथरीला कामावर होता. कुणीतरी माझ्या फोनवरून त्याला कळवलं. अ‍ॅम्ब्युलन्स यायच्या आधी तो आला. माणसांनी गाडी बाभळीला टेकवून ठेवली होती. तो आधी गाडीकडं गेला, वाकून बघितलं, मग आमच्याकडं आला. मला वाटलं, मिस्त्री माणूस, सवय असते.

"आक्का, खटका ओढायचा राहिला का?"

"ओढला व्हता."

"बग बरं नीट आठवून."

"ओढला व्हता म्हणते ना."

त्यानं हात धरून मला गाडीपाशी नेलं. दांडा खाली होता, मोकळा. सगळे बघत होते.

"ह्ये बग," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "व्हतं असं. वय झालं आक्का."

ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकजण म्हणाला, "म्हातारीच्या हातात गाडी द्यावीच कशाला?" माझा भाऊ रस्त्यावरची रोपं गोळा करायला वाकला.

जावेला परभणीला नेलं. खुब्यात सळई घातली. दवाखान्यात तिची मुलगी आली, गावातले लोक येऊन गेले. तिच्या मुलीसमोर मी जावेच्या पायाला हात लावला आणि म्हटलं, "बाई, माझ्याकडून चूक झाली." आजपर्यंत मी कुणाची अशी माफी मागितलेली नव्हती.

ती छताकडं बघत होती. म्हणाली, "जाऊ दे. झालं ते झालं."

मग घरी आणलं. तीन महिने ती खाटेवर. भांडं द्यायचं, काढायचं, अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठ लाल होऊ नये म्हणून पावडर लावायची. पुढं खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची. एका पायानं अधू असलेल्या बाईनं दुसरीला उचलायचं म्हणजे काय ते करणारीलाच कळतं. ती काही गप्प पडून राहणारी नव्हे.

"पाणी लय गरम हाय."

"काल गार म्हणला व्हतात."

"काल गार व्हतं. पाठ नीट घास. भांडं घासल्यावानी नको."

मी घासायचे. तिची मुलगी म्हणाली होती, आईला मी घेऊन जाते. मी नाही म्हटलं. मी पाडलं, मीच करणार. वाफे वाळले. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली टाकली. तिच्याकडं बघवत नव्हतं.

पण त्यापेक्षा वाईट डोक्यात चाललं होतं. दिवसातून दहा वेळा मी तीच गोष्ट करायचे. चढ आला. वेग कमी केला. डावा हात. दांडा. खट. झालं होतं का खट? पहिल्या महिन्यात मला खात्री होती. दुसऱ्या महिन्यात वाटायला लागलं, तो आवाज मागच्या बाजारचा असेल. तिसऱ्या महिन्यात मला हात दांड्याला लागल्याचंही आठवेना. दूध उतू गेलं की वाटायचं, बघा, विसरते मी. मी माझ्या डोक्यावर विश्वास ठेवायचं सोडलं. भावावर ठेवला. तो म्हणाला होता ना.

सात महिने गेले. जाऊ वॉकर धरून परसापर्यंत जायला लागली. एका सकाळी भंगारवाला दारात आला, त्याला गोठ्यातली गाडी हवी होती. मी ताडपत्री काढली. देऊन टाकायची म्हणूनच काढली. पण दोन वर्षांची सवय. देण्याआधी तेलाची बाटली घेतली आणि सांध्यांवर सोडायला लागले. बोट दातावर गेलं. गुळगुळीत लागला. तीन ठिपके नव्हते.

मी खाली बसले, चष्मा पुसला आणि बघितलं. तो माझा दात नव्हताच. साध्या पट्टीचा तुकडा होता, कच्च्या लोखंडाचा. त्याची धार झिजलेल्या फाळासारखी मुडपली होती, एका बाजूला. दात पट्टीत बसल्याशिवाय असा मुडपत नाही. म्हणजे तो बसला होता. म्हणजे मी खटका ओढला होता.

भंगारवाल्याला परत पाठवलं. तो तुकडा पान्यानं काढून पदराला बांधला.

मग आठवलं. पडायच्या दहा दिवस आधी भाऊ गाडी मानवतला घेऊन गेला होता, सर्व्हिसिंग करतो म्हणून. दोन दिवसांनी आणून दिली. तेलपाणी करूनच आणलेली, म्हणून त्या आठवड्यात मी हात लावला नव्हता.

जावेला म्हटलं, "मानवतला जाऊन येते." ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "काम हाय." एसटीच्या पायरीवर एका माणसानं मागून ढकललं, चढले.

भाऊ दुकानात फाटक जोडत बसला होता. मला बघून काळा चष्मा कपाळावर सारला.

"आक्का, एकटीच? फोन करायचा, आलो असतो की न्यायला."

मी पदराची गाठ सोडली आणि तुकडा त्याच्यासमोर फाटकावर ठेवला. त्यानं तो उचलला नाही. ज्या माणसाला कळत नाही तो उचलून बघतो.

"मपला दात कुठाय?" मी विचारलं.

बराच वेळ तो हातमोजे काढत होता.

"सेलूला हाय," म्हणाला. "तिथं एक मास्तर हाय. पाय न्हाई त्येला एक. त्येच्यासाठी दुसरी गाडी केली. तो बगायला येणार व्हता, आन दात घडवायला पाट्याचं लोखंड गावंना. दोन दिसासाठी तुपला काढला. त्येला गाडी पसंत पडली, तो घेऊनच गेला. तुला दुसरा करून बसवणार व्हतो."

"मग सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर तू गाडी काढली नसती."

"तेच म्हणते."

मी विचारलं, "पुलापाशी आलास तवा तुला दिसलं?"

"दिसलं."

"दांडा वर व्हता का खाली?"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"वर व्हता. मी खाली दाबला." मग भराभर बोलायला लागला. लोक जमले होते, दुकानात तीन जणांनी तसल्या गाड्या सांगून ठेवल्या होत्या, बातमी फुटली असती तर कुणी दारात आलं नसतं, पोलीस आले असते, त्याच्या मुलाबाळांचं काय झालं असतं. "तुला काय, आक्का, लोक दोन दिस बोलतात. वय झालं म्हणतात, सोडून देतात."

"सोडलं न्हाई लोकांनी," मी म्हटलं. "मीबी सोडलं न्हाई."

त्याला काय वाटलं कोण जाणे, स्वतःचा भार हलका करायला तो पुढचं बोलला. ते बोलला नसता तर मला कधी कळलंच नसतं.

"मी एकट्यानं न्हाई काई केलं. तुपल्या जावेला समदं म्हाईत हाय. तिनं खट ऐकलं व्हतं. दवाखान्यात मला म्हणाली, खटका ओढला व्हता तिनं, मी ऐकलं. मी हात जोडले. म्हणलं, बोलू नका. ती बरं म्हणाली."

दुकानात कुणीतरी चहा आणून ठेवला होता. मी घेतला नाही. निघताना तो म्हणाला, "मी उद्याच सेलूला जातो. तुपला दात काढून आणतो."

"खबरदार," मी म्हटलं. "त्यो मास्तर पडंल. राहू दे त्येला. मला नवा कर, आन मपल्यासमोर बसव. आन पारावर येऊन सांग, आक्कानं खटका ओढला व्हता म्हणून."

संध्याकाळच्या आत घरी आले. जाऊ ओसरीवर खुर्चीत बसून शेंगा फोडत होती. मी समोर उभी राहिले.

"बाई, पुलापाशी तुमी खट ऐकलं व्हतं?"

तिचे हात थांबले. मग एक शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"भावानं सांगितलं वाटतं."

"ऐकलं व्हतं का न्हाई?"

"ऐकलं व्हतं."

"दवाखान्यात मी तुमच्या पायाला हात लावला. तुमच्या लेकीसमोर. तवा का बोलला न्हाईत?"

"बोलले असते तर तू माझं हे केलं असतंस?" तिनं आपल्या कमरेकडं बोट दाखवलं. "लेकीच्या घरी दोन खोल्या. जावई तोंडावर चांगला. मला तिथं मरायचं न्हवतं. तुला वाटलं तुझी चूक, म्हणून तू करायलीस. चूक न्हवती म्हणलं असतं तर तुझा पाय दुखला असता, पाठ दुखली असती, चार दिसात लेकीला फोन केला असतास."

"न्हाई केला असता."

"आता म्हणतीस."

मी विचार केला. केला असता का नसता, मला खरंच सांगता येत नाही. ते तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "सात महिने मला वाटायलं की माझं डोकं गेलं."

"बगत व्हते मी," ती म्हणाली. "दोन डाव सांगावं वाटलं."

"मग?"

"मग न्हाई सांगितलं."

एवढंच आमचं बोलणं झालं. त्यानंतर तिनं राहिलेल्या शेंगा फोडल्या, आणि मी चूल पेटवली.

भाऊ आठ दिवसांनी आला. नवा दात माझ्यासमोर बसवला. मी कानस मागून घेतली आणि दातावर घासून बघितली. लोखंडावर ओरखडा उमटला नाही. ठिपके ठोकायला त्यानं हातोडी उचलली, मी म्हटलं, राहू दे. मग मारुतीच्या पारावर गेलो. चारसहा माणसं होती. तो म्हणाला, "आक्काची चूक न्हवती. लोखंड कच्चं निघालं." एवढंच सांगून उठायला लागला. मी म्हटलं, "कच्चं निघालं न्हाई. कच्चं बसवलं. पक्कं काढून दुसऱ्याला दिलं, आन मी ओढलेला दांडा खाली दाबला." मग एकानं विचारलं, "मग आता गाडी इकायची का? इकायची असंल तर सांगा." म्हणजे त्या लोकांचं ते तिथंच संपलं होतं. भाऊ मान खाली घालून मोटरसायकलवर बसला. त्यानंतर तो राखीला आला. मी राखी बांधली. जेवून जा म्हटलं नाही.

गाडी मी चालवते. लोक विचारतात, कशी आहे, घ्यावी का. मी सांगते: पाय अधू असेल तर याच्याइतकी चांगली गाडी नाही. चालताना ती तुम्हाला सांभाळते. थांबल्यावर सांभाळत नाही; तेव्हा त्या एका दातावर सगळं असतं, म्हणून दर सकाळी वाकून दाताला बोट लावून बघा, करणारा कुणीही असो. मी लावते. गडीमाणूस दुरुस्त करून देतो म्हणाला तरी गाडी एकट्याच्या हातात देऊ नका, समोर बसा.

सोनपेठला मी आता एकटी जाते. पुलापाशी थांबत नाही. जाऊ घरी असते. आंघोळीचं पाणी मी अजूनही काढून देते, कारण तिला बादली उचलत नाही. पाठ तिची ती घासते, हात पोचतो तिथपर्यंत.

त्या दिवशी त्या गाडीवर आम्ही दोघी होतो. दोघीही वाचलो.